वर्गाबाहेरची घंटा

अजमान, ९ जानेवारी १९९९

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

काल दुपारच्या डुलकीत आपल्या शाळेची घंटा ऐकली. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा, टण्ण, आणि मागोमाग चौथीची पोरं चालीवर कविता म्हणताहेत. जाग आली तर एसी घरघरत होता.

इथे आखातातल्या शाळेत सुपरवायझर होऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात आफ्रिकेतले सहा काळे मास्तर मी मॅनेजमेंटशी भांडून नोकरीवर घेतले. पाच जणांना मॅनेजमेंटने बसवर नि मैदानावर उभं केलं. वात्रट पोराला दम द्यायचा तर त्यांच्याकडे धाडायचं, एवढंच काम. कंटाळून गेले. सहावा युसुफ, सुदानमधल्या खार्टूमचा. इंग्रजी कविता अशी शिकवतो की पोरं मधली सुट्टी विसरतात. त्याला पाचवी-बचा वर्गशिक्षक केलाय. पालकांचा अर्ज आलाय, मुलं घाबरतात म्हणे. परवाच एक पोरगं त्याच्या खांद्यावर चढलं होतं! वेळापत्रक माझ्या हाती आहे. त्याला शब्द दिलाय, मी या खुर्चीत असेतो वर्ग तुझा.

तुझा दादा, रामेश्वर


सावंतवाडी, २ फेब्रुवारी १९९९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. गुडघ्यांना तेल लावतोस की नुसत्या कविताच म्हणतोस?

घंटेचं तू दर पत्रात लिहितोस. ती वाजवायचं कोण, ते कधी लिहीत नाहीस. दगडू. तुझ्याहून हुशार. सगळ्या कविता त्याने पडवीत उभं राहून, नुसत्या ऐकून पाठ केल्या. त्याची जात वर्गात चालत नव्हती, म्हणून हेडमास्तर असलेल्या आपल्या अण्णांनीच त्याला घंटेपाशी उभा केला होता.

युसुफला दिलेला शब्द पाळ. मग घंटेचं खुशाल लिही.

तुझी माया आहेच, ती राहू दे.

सगुणा


अजमान, २७ मार्च १९९९

चि. सगुणास आशीर्वाद.

नवं वेळापत्रक लागलं. युसुफला वर्ग नाही. बस, मैदान आणि गेट. ऑफिसच्या प्रतीवर सही माझी आहे.

मला साठ पूर्ण झाली. व्हिसा वर्षभर वाढवायला मॅनेजमेंटचं पत्र लागतं. ते पत्र आणि हे वेळापत्रक एकाच फाइलीत समोर आले. परत ये म्हणशील. येऊन करू काय? तुझी वहिनी गेल्यापासून शाळेशिवाय मला काही उरलं नाही.

पाचवी-बच्या पोरांनी विचारलं, व्हेअर इज अवर सर? मी फळा पुसत राहिलो. तेव्हापासून आजारी म्हणून घरात बसलोय. कविता आठवायला जातो, पहिल्या ओळीपुढे जात नाही.

घंटेचं आता लिहिणार नाही. लोभ ठेव असं लिहायलाही हात धजत नाही.

रामेश्वर

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच बेल वाजली. दारात युसुफ. गळ्यात मैदानाची शिट्टी, हातात खजुराचा डबा. ऑफिसवाल्यांनी त्याला सांगितलंय, तुझे सर शेवटपर्यंत भांडले, त्यातच आजारी पडले. "सर, माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं," म्हणाला. माझ्या तब्येतीसाठी दुआ मागायला आत नमाजाला उभा राहिलाय.