मायच्या पंच्याहत्तरीचा फोटो

जळगाव, ता. ९ नोव्हेंबर १९९८

चि. भाईदास यास नानाचे अनेक आशीर्वाद.

बोदवडहून काल परत आलो. मायची पंच्याहत्तरी छान झाली. तुझा तो डिजिटल कॅमेरा नसता तर आणखी छान झाली असती. फ्लॉपी घातलेला डबा पोटाशी धरून तू अंगणभर हिंडत होतास आणि दर फोटोनंतर मागच्या काचेत ज्याला त्याला त्याचे तोंड दाखवत होतास. मी ऊन उतरायची वाट पाहून माणसे ओळीने उभी करायची, आणि त्यांनी तुझ्याकडे पळायचे. चौदा जणांचा ग्रुप मला तीनदा उभा करावा लागला. माझ्या खांद्यावरून तूही तोच फोटो काढलास, तेही मी पाहिले.

तीस वर्षे मी हा छंद फिल्मवर करतो आहे. न्हाणीघरात लाल दिवा लावून बसावे आणि कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटावा, यातले सुख तुला कळणार नाही, कारण थांबणे तुझ्या स्वभावातच नाही. आमच्या छंद मंडळात तुझ्या यंत्राची गोष्ट सांगितली, तर मगन सोनार एवढा हसला की चहा सांडला. त्या ग्रुपची तुझी प्रत पाठव. मंडळींना चौकटी-चौकटींची माणसे बघायची आहेत.

राग आला तर येऊ दे, उत्तर मात्र लिही.

तुझा,
नाना

धुळे, ता. १७ नोव्हेंबर १९९८

ती. नानांस भाईदासचा शि. सा. न. वि. वि.

मगन सोनारांचा चहा सांडला याचे वाईट वाटले. तुमचे मंडळ म्हणजे सहा माणसे आणि फोटो धुण्याच्या हायपोचा वास. फिल्मचे सौंदर्य वहिनींना विचारा. तुमची रसायनांची तबके ओलांडून त्या इतकी वर्षे अंघोळीला जातात. छत्तीसांच्या रोलातले किती बिघडले, हे तुम्ही कधी कोणाला सांगितले आहे का? माझे चुकले तर मला तिथेच दिसते. पुसतो आणि पुन्हा काढतो. यात मान जाण्यासारखे काय आहे?

प्रत सोबत आहे. आमच्या इथे वना नावाचा छापखान्यातला अक्षरजुळणीवाला आहे, त्याच्या संगणकावर छापून घेतली.

आनंदाची बातमी म्हणजे उज्ज्वलेला शिरपूरचे स्थळ आले आहे. मुलगा शिक्षक आहे. मुलाची आई शेवंताबाई यांनी घरच्या माणसांचा फोटो मागितला, तो हाच पाठवला. तुमच्या न्हाणीघरावर अवलंबून राहिलो असतो तर पोर घरातच राहिली असती.

थोरले आहात म्हणून एवढ्यावर थांबतो.

आपला,
भाईदास

जळगाव, ता. २३ नोव्हेंबर १९९८

भाईदास,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

तुझी प्रत मंडळात दाखवण्याआधी भिंग लावून पाहिली, हे नशीब. माझ्या फोटोत चौदा माणसे आहेत, तुझ्या फोटोत तेरा. मायचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर तसाच आहे, बोटे वळलेली, आणि त्याच्या खाली कोणी नाही. तिथे आपली कुंदा उभी होती. आता तिथे भिंत आहे, आणि भिंतीच्या रंगाचा एकच पोपडा शेजारी शेजारी दोनदा निघाला आहे.

सख्ख्या बहिणीला पुसलेस? चुकलेला फोटो पुसावा तशी? म्हणूनच मी निगेटिव्ह सोडत नाही. त्यात जो उभा होता तो उभाच राहतो, तुझ्या सोयीने जात नाही.

महिनाअखेरपर्यंत शिरपूरला खरे कळव. नाहीतर माझी प्रत मी स्वतः त्यांना पाठवीन.

पितांबर

धुळे, ता. २७ नोव्हेंबर १९९८

नानांस,

होय, पुसले. वनाच्या शेजारी बसून पुसून घेतले, पाव तास लागला.

अक्का सासरहून परत आली त्याला एकोणीस वर्षे झाली. ही बाई कोण, माहेरी का राहते, हा पहिला प्रश्न शिरपूरला निघाला असता. आत्या नांदली नाही, भाची काय नांदणार, हा दुसरा. मागचे एक स्थळ एवढ्यावरूनच गेले, हे तुम्हाला कळवले नव्हते. तुम्हाला मुलगी नाही. निगेटिव्ह उजेडाला धरून खरे-खोटे सांगणे तुम्हाला परवडते.

तुमची प्रत शिरपूरला गेली तर लग्नाला येऊ नका. मला थोरला भाऊ नाही असे मी समजेन. अक्काला यातले काही कळता कामा नये, एवढे तरी सांभाळा.

भाईदास

बोदवड, ता. ११ डिसेंबर १९९८

ती. नानांस कुंदाचा नमस्कार आणि चि. भाईदासास आशीर्वाद.

कार्बन लावून एकच पत्र दोघांना लिहिते आहे, म्हणजे कोणाला कमी-जास्त वाटणार नाही.

नाना, तुम्ही दोन्ही फोटो मला पाठवलेत, शिरपूरची सगळी हकीकत लिहिलीत, आणि खरा कोणता ते लिहून दे, भाईदासला दाखवतो, असे कळवलेत. पाकीट मायनेच उघडले. ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली आणि मग तिने तो हात पदराखाली घेतला. हे मला पाहावे लागेल, हे तुमच्या मनातही आले नाही.

भाईदास, तुझ्यावर मी रागावले आहे, आणि तो राग लवकर जाणार नाही. पण फोटोतून मला पहिल्यांदा तू काढले नाहीस. नानांनी मायला दिलेले तिन्ही अल्बम काल दुपारी पुन्हा पाहिले. नानांच्या अभिमनचे लग्न, घरभरणी, उज्ज्वलेचा पहिला वाढदिवस मी परतण्याआधीचा, तो सोडून बाकी सगळे वाढदिवस. एकोणीस वर्षांत मी एकाही फोटोत नाही. नाना, दर वेळी तुम्ही माझ्या हातात फ्लॅश द्यायचात आणि म्हणायचात, कुंदाचा हात थरथरत नाही. मीही दर वेळी बाजूला उभी राहून सगळ्यांवर उजेड पाडला. तुमच्या निगेटिव्हमध्ये मला पुसावे लागले नाही एवढेच. पंच्याहत्तरीला मायने हात धरून ओढले म्हणून मी रांगेत आले.

मंगळवारी मी शिरपूरला जाऊन आले. जळगावला एसटी बदलली, चोपड्यावरून गेले. शेवंताबाईंना सांगितले, मी मुलीची आत्या, नवऱ्याचे घर सोडलेली. त्यांनी आधी पाणी दिले. मग म्हणाल्या, मनी बहीन बी आमनाच घरमा राहस, आणि आतून तिला बोलावले. आम्ही तिघी जेवायला बसलो. मुलगी त्यांना पसंत आहे. तारीख माघातली काढा म्हणतात.

लग्नात तुम्ही दोघांनी कॅमेरा आणायचा नाही. फोटोवाला मी ठरवीन आणि मुलीच्या शेजारी उभी राहीन. मायची इच्छा आहे म्हणून तुम्हीही उभे राहा, एकमेकांशी बोला न बोला.

निघताना शेवंताबाईंनी विचारले, एवढ्या घरच्या माणसांत तुम्हीच फोटोत कशा नव्हतात? मी म्हटले, फोटो माझ्या भावांनी काढला.

तुमची,
कुंदा