हरपू

प्रिय दादा,

आई दिवा लावायच्या तयारीला लागलीय. एकदा शब्बाथचा विसावा लागला की पेन धरता येणार नाही, आणि आजचं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आज मी तुझ्या सुपरवायझरचं डोकं फोडणार होते.

तू गेल्यापासून आम्ही सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसतोय. तो चाकणहून थेरगावला आला, हार घेऊन. आपल्यात हार घालत नाहीत हे त्याला कोण सांगणार! आईसमोर टेकला आणि म्हणाला, दानियल स्वतःच प्रेस मशीनमध्ये वाकला, कंपनीचा दोष नाही.

आणि माणूस वाकला की मशीन थांबवणारा तो सेन्सर? काम वाढलं की मशीन थांबू नये म्हणून तो बांधून ठेवतात, हे तूच जेवताना सांगायचास ना? एवढं कळत होतं, तर नोकरीला लाथ मारून घरी का नाही आलास रे?

तुझ्या पेटीतला मोठा पाना मी कधी उचलला ते कळलंच नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तो चपलांमध्ये पडला, ओठ फुटला. दुसरा घाव डोक्यावर घालायला मी पाना वर उचलला.

"हरपू," आई म्हणाली. जागची हललीसुद्धा नाही.

आठवतं? तू तेहिलीमची स्तोत्रं वाचायचास आणि हा शब्द आला की मी विचारायचे, काय हरपलं? पोट धरून हसायचास. अगं येडे, ही मराठी नाही, हिब्रू आहे. भर लढाईत, धनुष्यं मोडत असताना देव म्हणतोय, हात सैल सोडा आणि जाणा. आधी सोडायचं, मग कळतं. मी म्हणायचे, मार खाणाऱ्यांचा देव आहे तुझा.

माझा हात सैल पडला. पाना खाली आदळला. तेव्हा कुठे त्याचं रडणं मला ऐकू आलं.

"सेन्सर मीच बांधला होता," तो म्हणाला.

दुसरा घाव बसला असता, तर हे त्याच्याबरोबरच गेलं असतं.

राग गेलेला नाही, दादा. हात अजून शिवशिवतायत. पण सुतकातून उठले की मी पोलीस चौकीत जाईन, तो सोबत येवो न येवो. त्याचं सांगेन आणि माझ्या घावाचंही सांगेन. पाना घरीच ठेवून जाईन, हा माझा शब्द.

तुझी भांडकुदळ,
हाना