विश्रांतीच्या दिवशी कपाट

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण सध्या तो घालता येईल अशी माझी कंबर नाही. पत्रात तरी खोटं कशाला लिहा, म्हणून उभ्यानेच हात जोडतो. ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आलात हे कळलं. टाके निघाले असतील, भूक लागत असेल, आणि सूनबाईंच्या प्रत्येक भाजीत मीठ कमी आहे असं तुम्ही म्हणत असाल, म्हणजे सगळं ठीक. इकडे आम्ही दोघं मजेत. (दोघं म्हणजे खरं तर दीडच, मी जरा दुमडलेला आहे. त्याचीच हकिगत लिहायला बसलोय.)

माझं दुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलंय. बुटक्या स्टुलावर बसायचं, मान शिलाई मशीनखाली घालायची आणि संध्याकाळी ती बाहेर काढायची. या धंद्यात पाठीचं जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि मला व्यायामशाळेत धाडलं. तिथे एक कोचबाई आहेत. पूर्वी त्या वजनं उचलायच्या, आता माझ्यासारख्यांना उचलतात. कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही गुडघे दुमडू लागलो. व्यायामाच्या मध्ये एक दिवस विश्रांतीचा. आता विश्रांती हा विषय मला कुणी शिकवायची गरज नाही. मी जो सोफ्यावर आडवा झालो तो जेवणापुरता उठलो, आणि तेही हिने दोनदा हाक मारल्यावर. दुसऱ्या दिवशी दुकानात खाली पडलेली दोऱ्याची बॉबिन उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकबाईंना वाटलं, मी त्यांच्या चपला निरखतोय. त्यांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, "काही पडलंय का?" मी म्हटलं, "मीच."

कोचबाई ओरडल्या नाहीत. (ओरडत नाहीत, हाच त्यांचा त्रास.) एवढंच म्हणाल्या, की तुमच्याकडे चांगली चालती मशीन कुणी नुसती कोपऱ्यात ठेवून दिली तर काय होतं? मी म्हटलं, तेल सुकतं, जाम होते. उत्तर देऊन झाल्यावर लक्षात आलं, की मी स्वतःविरुद्धच साक्ष दिली. मग नियम ठरला: सुट्टीच्या दिवशीही अंग हलतं ठेवायचं, पण हलकं. हलकं किती, तर काम करताना नीट बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली, की थांबायचं.

मी कामाला लागलो. एकटाच चालायला निघालो आणि बोलता येतंय का हे तपासायला मोठ्याने बोलू लागलो. समोरून येणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागली. एक आजोबा तर थांबून विचारायला लागले, घर जवळ आहे का, सोडायला येऊ का. तेव्हापासून हिला बरोबर घेतो. ती दिवसभर रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत बसून बोलते, त्यामुळे घरी आल्यावर तोंड उघडत नाही आणि मी मशीनच्या आवाजाने बधिर होऊन येतो. असा आमचा संसार शांततेत चाललेला. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "चालायचं म्हणून माझ्याशी बोलताय, की माझ्याशी बोलायचं म्हणून चालताय?" मी म्हटलं, कोचबाईंना विचारून सांगतो. (हे चुकलंच.) पण मग ती बोलायला लागली. मामा, माझी बायको स्कूटर चालवायला शिकली होती, लायसनसुद्धा काढलं होतं, आणि मला पत्ता नाही! मी पुलावर थांबून तिचं अभिनंदन केलं. "थांबू नका," म्हणाली, "अंग गार पडेल."

आता मुख्य गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर 'कर्नल' राहतात. ते पोस्टातून निवृत्त झाले, पण मिशा आणि आवाजामुळे सगळे कर्नल म्हणतात. विश्रांतीच्याच एका सकाळी आम्ही फिरायला निघालो, तर ते जिन्यात एका जुन्या लाकडी कपाटाबरोबर उभे. हमाल खालीच टाकून गेले होते. "जरा हात लावता का? हलकंच आहे," म्हणाले. हलकं हा शब्द ऐकला आणि मी फसलो. ते वरून ओढताहेत, मी खालून ढकलतोय, बायको मागून सूचना करतेय, असं आम्ही ते वळणापर्यंत नेलं. तिथे ते उभंच्या उभं अडकलं. वर जाईना, खाली येईना. भिंत ते कठडा, बोट शिरायला फट नाही. दारं कर्नलांकडे, पाठ माझ्याकडे, आणि मी ती पाठ खांद्याने धरून अर्ध्या बैठकीत.

तेवढ्यात वरून गडबड ऐकू आली. सर्वांत वरच्या मजल्यावर संगीताच्या शिक्षिका राहतात. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली, आणि तिच्या कळा सुरू झालेल्या. आमच्या इमारतीला जिना एकच. कर्नल तिकडून ओरडले, "आता काय करायचं?" आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज चक्क बारीक झाला होता. मुलगी मात्र शांत. कपाटापलीकडून म्हणाली, "काका, घाबरून घाई करू नका. पण घाई करा."

मामा, मी खांदा तसाच टेकवून विचार करू लागलो. मग सुचलं, की खिशात स्क्रू-ड्रायव्हर आहे. (तो नसतो असा दिवस नाही, लग्नातही होता.) कपाटाची पाठ स्क्रूंनी बसवलेली, स्क्रू गंजलेले. हिने धावत जाऊन घरातली मशीनच्या तेलाची कुपी आणली. एकेक स्क्रू कुरकुरत सुटला आणि शेवटी पाठ सगळीच्या सगळी माझ्या अंगावर आली. पलीकडून कर्नलांनी दोन्ही दारं उघडली. आणि ती मुलगी मान वाकवून, कपडे टांगायच्या दांडीखालून, कपाटातून चालत आमच्याकडे आली. मागून तिची आई. मागून बॅग घेतलेला जावई, जो घाबरून आपल्यामागे दारं लावायला लागला. रिक्षा खाली उभी होती. मग कामाला निघालेले वरचे सगळेच भाडेकरू ओळीने कपाटातून बाहेर पडले आणि प्रत्येकाने मला 'नमस्कार' केला, जणू हा रोजचाच रस्ता.

मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. कपाट कर्नलांच्या खोलीत भिंतीला लागून उभं आहे, पाठ नाही हे पाहुण्यांना कळत नाही. माझी पाठ आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी वाकलेलाच कोचबाईंपुढे गेलो. "याला हलकं म्हणतात?" मी म्हटलं, "बाई, शेवटपर्यंत बोलता येत होतं." त्या पहिल्यांदाच हसल्या आणि आठवडाभर नुसतं फिरायला सांगितलं. आता आम्ही दोघं संध्याकाळी सावकाश वर चढून बाळाला बघून येतो.

सर्वांना आठवण सांगा.

तुमचा,
दुमडलेला भाचा

ता. क. पत्र हिने वाचलं. तिचं म्हणणं, स्क्रू तिने काढले. माझे दोन्ही हात कपाटाला होते, मी फक्त बोलत होतो. हे खरं आहे.

आणखी ता. क. तुमच्या सूनबाईंचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, फोन आला होता. डॉक्टर रोज चाला म्हणतात आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून 'विश्रांती घेतोय' म्हणता. म्हणून रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीतल्या फोनवर फोन करणार आहे. वहिनी उचलणार नाहीत, तसं ठरलंय. भिंत धरून या, काठी घेऊन या, मला शिव्या देत या. शिव्या देताना धाप लागली तर वाटेतल्या खुर्चीवर बसा. तुम्ही येईपर्यंत मी फोन वाजवत राहीन.