टिप्याची गादी

दिंडोरी, २० जानेवारी २००८

आई, तुला इथूनच वाकून नमस्कार.

द्राक्षबागेतल्या या हॉटेलात कुत्र्यांनाही खोलीत घेतात! टिप्याला चक्क वेगळी गादी मिळाली. वाईच्या घरी ज्याला उंबरठा ओलांडू दिला नाही, तो इथे पलंगाशी. बाबांनी तोंडच फिरवलं.

आज टेबल नको म्हणून ते व्हरांड्यात खाली जेवायला बसले. नेहमीसारखी ताटाशेजारी चित्राहुतीची शितं ठेवली. टिप्या समोरच, पण बाबा उठेपर्यंत शिताला तोंड लावलं नाही! मग बाबांनी स्वतः त्याला तूपपोळी भरवली.

त्यांना दम कमी लागतोय, गोळ्या मी देतेय. तुझा गुडघा कसा आहे?

टिप्याचं झोपायचं पोतं अंगणातून आत, स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेव. बाबांनीच सांगितलंय. ‘माझं नाव लिहू नकोस’ म्हणाले, म्हणून मुद्दाम लिहितेय.

तुझी सई