चव्वेचाळीस सुटे फर्मे

बेसा, नागपूर
१७ मे २०२५

चि. भैरवीस बाबांचे पोटभर आशीर्वाद.

जावईबापूंची पाठ कशी आहे? खुर्चीत उशी घेऊन बसतात की नुसतं हो-हो म्हणतात? शोभाताईंच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. चिन्मयीच्या दातांची तार निघाली का? हसताना तोंडावर हात धरायची, ते आता सोडलं असेल. आणि तुझी मान? आठ महिने झाले, तुझ्या मानेची खबर मला अपूर्वकडून घ्यावी लागते, आणि तुझा भाऊ 'ठीक आहे' यापलीकडे दोन शब्द खर्च करत नाही.

इकडे सगळे बरे. अपूर्व सकाळीच ऑफिसात जातो. प्रीती सूनबाईच्या शाळेला सुट्या लागल्या. पारा पंचेचाळीसला टेकला आहे आणि मी भरदुपारी कूलर बंद करून बसलो आहे. सूनबाई आत्ताच डोकावून गेली. "बाबा, काहून जिवावर उठून राहिले? लावू द्या नं कूलर!" मी म्हटलं, "लावजो, पण माहे फर्मे उडतील."

फर्मे तुझ्याच कादंबरीचे आहेत. हो, मी ती उसवली. रागाव, पण पत्र पूर्ण वाचून रागाव.

प्रकाशनाच्या आधी तू मला पहिली प्रत पाठवलीस. सातशे चार पानं, एकाही पानावर आकडा नाही, प्रकरणांना नावं नाहीत. तिसऱ्याच पानावर नवी नवरी उमरेडच्या एसटीत बसते आणि तिच्या मांडीवर तिचीच मुलगी रडते. मी चष्मा पुसला. पुढं म्हातारी दवाखान्यात, त्याच्यापुढं तीच परकर-पोलक्यात बापाच्या हातमागाखाली लपलेली. चाळीसेक पानं झाली आणि मी पुस्तक मिटलं. पन्नास वर्षं बाइंडिंग केलेला माणूस मी. सोळा-सोळा पानांचे फर्मे घडी घालून, ओळीनं लावून शिवायचे, हाच माझा धंदा. मला वाटलं, प्रेसवाल्यानं फर्मे मागेपुढे लावले.

मग तो प्रकाशनाचा दिवस. भरल्या सभागृहात तू म्हणालीस, बाबा, दोन शब्द बोला. आणि मी बोललो, "लोकहो, पोरीनं मेहनत लई घेतली. पण बाइंडिंग चुकलं आहे. ज्यांनी घेतलं त्यांनी बदलून घ्या." काय हशा पिकला! तूही हसलीस. पण माइक माझ्या हातातून घेताना तुझी बोटं गार लागली मला. त्याच संध्याकाळच्या गाडीनं तू पुण्याला गेलीस.

मी काय केलं, ऐक. घरी येऊन पाठीचा दोरा कापला, चव्वेचाळीस फर्मे सुटे केले. तेव्हा जरा चमकलो. प्रत्येक तुकडा बरोबर एका फर्म्याचा; सोळा पानांत सुरू, सोळा पानांत संपला. असं कोणी चुकून करत नाही. असं बाइंडरची पोरगीच करते. पण डोक्यात हट्ट बसला होता. जन्म, लग्न, लेकरं, दुखणं, दवाखाना, असे सगळे ओळीनं लावले आणि वाचून काढले. कुठं अडखळलो नाही. पण करमणूकही झाली नाही. कोणाचीही बाई असती ती. शेवटच्या पानावर पांढरी चादर, आणि मी जिथं बसलो होतो तिथंच.

वाचनालयात नत्थू भेटला. म्हणे, "केशव, तुह्या पोरीनं एका पानावर आकडा नाही टाकला. डुलकी लागली अन् पुस्तक मिटलं, तं पुन्हा कुठून सुरू करू गा?"

"समजून राहिलं का?" मी विचारलं.

"अर्धं नाही समजून राहिलं. पण बुढी मजेदार आहे. सोडवत नाही तिले."

मला चिडच आली. त्या बुढीत नत्थूला माझी बायको सापडली आणि मला नाही.

पुढं एप्रिलात नवा कूलर आला. प्रीतीनं कौतुकानं माझ्या खोलीत लावला, बटण दाबलं, आणि टेबलावरचे सगळे फर्मे फडफडत जमिनीवर. काही पलंगाखाली, एक तर दाराबाहेर. बिचारी घाबरली. मी म्हटलं, राहू दे. हाताला आला तो उचलला आणि वाचत बसलो. वाळ्याचा ओला वास, पडद्यातून गाळलेलं ऊन, अर्धी झोप, अर्धं वाचन. दुसऱ्या दिवशी दुसरा उचलला. चारपाच दुपारी अशा गेल्या आणि मग, पोरी, मला ती ऐकू यायला लागली. वाचून नाही, ऐकू. स्वयंपाकघरातून बोलावं तशी. एका दुपारी ती सोळा वर्षांची, दुसऱ्या दुपारी साठीची, आणि दोन्हीकडे तोच हेका, तेच खोकल्यासारखं हसणं.

तो एसटीचा फर्मा पुन्हा हातात आला. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, की लग्न करून आणताना रुख्मिणी माझ्या खांद्यावर झोपली. तुझ्या पुस्तकात ती म्हणते, "हेच झोपले. तोंड उघडं टाकून. उमरेडपासून नागपूर येईलोक माह्या शालूवर लाळ." मी एकटा इतका हसलो की सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

हसता हसता आठवलं. चौथी पास माणूस मी, वाचायला शिकलो ते दुकानातल्या वाया गेलेल्या फर्म्यांवर. कशाला सुरुवात नाही, कशाला शेवट नाही. ते घरी आणायचो आणि तुझ्या आईला वाचून दाखवायचो. आधी काय झालं असेल, पुढं काय होईल, ते ती रचायची. तू लहान होतीस, ताटात भात चिवडत ऐकायचीस. आपल्या घरचा सिनेमा तोच. तू नवीन काही आणलं नव्हतंस, आमचंच जोडून दिलं होतंस, आणि मला ओळखू आलं नाही.

ओळखू आलं नाही, असं लिहिलं खरं. ते खोडतो. आलं होतं. तिसऱ्याच पानावर आलं होतं. 'लग्नाच्या एसटीत बसले अन् भैरवी मांडीवर रडून राहिली होती', हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं होतं, तिला विसर पडायला लागला त्या वर्षी. मी म्हणालो होतो, "अगं, भैरवी लग्नानंतर पाच वर्षांनी झाली." ती म्हणाली, "हो का?" दुसऱ्या दिवशी दुसरं काही. मी पुन्हा मधे. "असं नाही, आधी ते, मग हे." रोज तिचे फर्मे लावून देत होतो. मला वाटायचं, मी तिला सांभाळतो आहे. हळूहळू ती माझ्याशी बोलेनाशी झाली. सगळ्यांना सांगितलं, रुख्मिणीची वाचा गेली. वाचा कुठली गेली! तू माहेरी आलेली असताना मी बाजारात गेलो की ती मागच्या ओट्यावर तुझ्यापाशी बोलायची, सातशे चार पानं भरतील इतकं. मी फाटक वाजवलं की गप्प. ते गप्प होणं मला बाहेरून ऐकू यायचं.

म्हणून त्या दिवशी बाइंडिंगवर ढकललं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आता कामाचं. मला हे पुस्तक तिच्या क्रमानं वाचायचं आहे. वाऱ्याच्या क्रमानं वाचून झालं, माझ्या क्रमानं वाचून पस्तावलो. अपूर्व म्हणतो, "बाबा, दुसरी प्रत ऑनलाइन मागवतो नं." नत्थूची प्रतही समोर धरून लावता येईल. पण मी कोणाची प्रत पाहणार नाही. तिनं तुला सांगितलं, तर मला ते तुझ्याकडूनच यावं. मागितल्याशिवाय मिळालं होतं तेव्हा मला घेता आलं नाही, आता मागून घेतो. प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ तेवढी लिहून पाठव, एकाखाली एक. त्रेचाळीसच लिही. शेवटी कोणता, ते लिहू नको. तो तू येऊन आपल्या हातानं ठेव. पांढऱ्या चादरीचा नसला तर बरं, असं मनात येतं. असला तरी मी काही म्हणणार नाही.

पाठीला लावायची खळ मोरचूद घालून करतो, म्हणजे पानांना कसर लागायची नाही. सुईत दोरा ओवून, मेण लावून तयार आहे. तू येईतोवर मात्र फर्मे सुटेच राहणार आणि कूलर बंदच राहणार. तेव्हा माझी नसली तरी घामाघूम झालेल्या वहिनीची दया येऊ दे, आणि उलटटपाली लिही.

यापुढं मधे न बोलणारा,
तुझा बाबा