सातशे चाळीसचं पुस्तक आणि माझा शांत स्वभाव

४ मार्च, सकाळ

आणि वर कॉफीचा कप लहान केला, ते वेगळंच. किंमत वाढवायची तर वाढवा. कप लहान करायचा तर करा. पण दोन्ही एकाच दिवशी? माणसाच्या एका वेळी एकाच गालावर मारतात. हे मी कॉफीवाल्या मावशींना नीट, शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, ओरडू नकोस, मागे लाइन आहे. मी ओरडत नव्हतो. माझा आवाजच तसा आहे. मग म्हणाल्या, परवडत नसेल तर पाणी पी बाळा, ते अजून फुकट आहे. तेव्हा हातातला कप चिरडला गेला. आपोआप. तळहात भाजला. थोडी कॉफी मागच्या माणसाच्या बुटावर उडाली, तर तो माझ्या कॉलरला हात घालायला आला. मी फक्त एकदाच ढकललं. तो साखरेच्या डब्यांवर जाऊन बसला, त्याला मी काय करणार?

निश्चय : आजपासून कॉफी बंद. राग बंद.

कारण : धाकटीचं पुस्तक. काल तिचा फोन आला. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक हवंय, नवी आवृत्ती. अभ्यासक्रम बदलला, जुनी चालत नाही. तिकडच्या दुकानात येत नाही. सध्या मैत्रिणीच्या घरी बसून मैत्रिणीचं वाचते. किंमत सहाशे ऐंशी. गेल्या वर्षीचं चारशे दहाला होतं म्हणे. मी म्हटलं, अगं वेडे, तुझा दादा पुस्तकांच्या गोडाऊनमध्ये आहे, आणि तू मला किमती सांगतेस?

गोडाऊनमध्ये मी नक्की काय करतो ते घरी सांगितलेलं नाही. आई शेजाऱ्यांना सांगते, पुस्तकांच्या लाइनमध्ये आहे. चूक काही नाही त्यात.

५ मार्च

दिवसभर मारली. इथे हाच शब्द आहे. दुकानात न खपलेली नवीकोरी पुस्तकं आमच्याकडे परत येतात आणि आम्ही ती मारतो. टेबलावर ठेवायचं, दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, म्हणजे आपला हात पात्याखाली जात नाही. खाट्. आडवे दोन तुकडे. एकदा पुरतं. मग रद्दीत.

मुकादम म्हणतो, ही स्वस्तात विकली तर नवी महाग कोण घेईल? मी म्हटलं, मग आम्हाला वाटा. तो म्हणाला, तुला कशाला, वाचायला? माझी सातवी झाली आहे. म्हणजे सातवीत बसलो होतो. मास्तरांना मी मारलं नव्हतं, मी डस्टर भिरकावलं होतं आणि ते मध्ये आले. मुकादमाला चकार शब्द बोललो नाही. गठ्ठ्याला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं-निळं.

मेलेलं पुस्तक मात्र कुणीही घरी न्यावं, गेटवर अडवत नाहीत. माझा रूममेट बोका शेजारच्या मशीनवर असतो, तो कादंबऱ्यांचे वरचे अर्धे भाग आणतो. खालचे उचलायचा त्याला कंटाळा. म्हणतो, कोण कुणाला मारतंय ते वरच्या अर्ध्यातही कळतं.

संध्याकाळी एक कॉफी. भाजलेल्या हाताला कपाचा शेक घेतला. औषधात मोडते. मोजायची नाही.

८ मार्च

सलूनवाल्यानेही भाव वाढवला. वर केस धुवायचे वेगळे. मी म्हटलं, डोकं माझं, त्याचं भाडं तू घेतोस होय? त्याने वस्तरा न ठेवता दार दाखवलं. निघून आलो. भीती नाही, तत्त्व.

खोलीवर बोक्याच्या कात्रीने स्वतःच कापले. मागचं दिसत नाही ही एक अडचण. कानाची पाळी कापली. मानेवरून रक्त शर्टात. बोका हसून हसून कॉटवरून पडला. म्हणाला, अरे, कुत्र्यानं ओढून नेलेली गादी दिसतोस. मी त्याला उशी फेकून मारली. उशीत त्याचाच मोबाइल होता. भुवई फुटली. मोबाइल वाचला, नशीब त्याचं.

टोपी घ्यावी लागली. टोपी सलूनपेक्षा महाग पडली. पण केस पुन्हा वाढतात, टोपी तशीच राहते. म्हणजे फायद्यातच आहे मी.

११ मार्च

धाकटीचा फोन. मैत्रिणीचे वडील म्हणाले, आमच्या मुलीलाही परीक्षा द्यायची आहे, आता रोज येऊ नकोस, रविवारी तासभर ये. म्हणून ती वहीत उतरवून घेतेय. बोटं सुजली म्हणाली. मी म्हटलं, त्या माणसाचा नंबर दे, मी बघतो. ती म्हणाली, दादा, तू इतक्या लांबून कुणाचं थोबाड फोडणार आहेस? पुस्तक तेवढं पाठव. ह्या वर्षी राहिलं तर मामा मला त्याच्या ओळखीच्या दुकानात बसवणार आहे, आईनं हो म्हणून टाकलंय.

मी म्हटलं, पॅक झालंय, निघेलच.

खोटं नाही. दुकानात ते प्लॅस्टिकमध्ये पॅकच असतं.

आई मागून ओरडत होती, विचार त्याला, मारामाऱ्या करत नाही ना? धाकटीनं परस्पर सांगून टाकलं, नाही गं, सुधारलाय आता. ऐकून छातीत बरं वाटलं. लोकांना दिसतोय बदल.

१३ मार्च

गठ्ठा फोडला तर समोर तेच पुस्तक! इकडे तिकडे बघून एक शर्टात घातलं, पोटाशी. संडासात जाऊन बघितलं. जुनी आवृत्ती. नवी निघाली म्हणून जुनी आमच्याकडे मरायला पाठवलेली.

परत येऊन मारली. सगळा गठ्ठा. आयुष्यात इतकं मनापासून काम केलं नव्हतं. मुकादम मागे उभा राहून म्हणाला, असा रोज चालवलास हात तर माणूस होशील. त्याच्याकडे बघून हसलो. दात घट्ट आवळून हसता येतं.

१५ मार्च, पगार

पुस्तक घेतलं!

सविस्तर : दुकानात गेलो. स्टिकरवर सातशे चाळीस. मी नखाने खरवडलं. खाली सहाशे ऐंशी. तेही खरवडलं, खाली सहाशे वीस. प्लॅस्टिक फाडलं, तर कव्हरवर छापलेले पाचशे पन्नास. काउंटरवालीपुढे पाचशे पन्नास ठेवले आणि म्हटलं, ही खरी किंमत. ती म्हणाली, सगळ्यात वरचं स्टिकर खरं. मी म्हटलं, वर दुसरा शर्ट घातला म्हणून आतला माणूस बदलतो का? ती म्हणाली, साहेब, शर्ट तुम्ही फाडलात, आता माणूस तुम्हालाच घरी न्यावा लागेल. लाइनमधले फिदीफिदी हसले.

फिरता स्टँड होता, त्याला पाय लागला. जोरात लागला. प्रवासाची पुस्तकं सगळीकडे. मॅनेजर आला, त्याने मनगट धरलं, मी त्याचा टाय धरला. टाय धरल्यावर माणूस मनगट लवकर सोडतो, हे नवीन समजलं.

सातशे चाळीस मोजून दिले. काउंटरवाली बिल देत होती. तिच्यासमोर टराटरा फाडलं आणि तुकडे काउंटरवर उडवले. म्हटलं, हे ठेव, फ्रेम कर.

एवढंच. बाकी अगदी शांतपणे पार पडलं.

नवंकोरं आहे. कव्हरवर नर्स हसतेय. माझ्या घरातलं पहिलं विकत घेतलेलं पुस्तक. धाकटी पांढऱ्या कपड्यांत कशी दिसेल ते बघत होतो तर बोका म्हणाला, बाईच्या फोटोकडे काय बघतोस. ह्या खोलीत पुस्तक ठेवण्यात अर्थ नाही. उद्या कामावर नेतो, जेवणाच्या सुट्टीत पोस्ट.

१६ मार्च, संध्याकाळ. डाव्या हाताने लिहितोय.

सकाळी आत जाताना कुणी पिशवी बघत नाही. दुपारी बाहेर पडताना गेटवाल्याने बघितली. अख्खं पुस्तक. म्हणाला, चोरी. मी म्हटलं, विकत घेतलंय. तो म्हणाला, तू? विकत? पुस्तक? तिन्ही शब्दांना वेगवेगळा हसला. म्हणाला, बिल दाखव. मी म्हटलं, फाडलं. मग चौथ्यांदा हसला.

चौथ्या हसण्याला ठोसा बसला. पुढचा दात त्याच्या ओठातून बाहेर आला. त्याने दंडुका घातला तो माझ्या उजव्या बोटांवर, आवाज आला, सुकी काटकी मोडल्यासारखा. मी त्याला शिट्टीच्या दोरीने धरून गेटवर दोनदा आपटला. मग तिघे माझ्या पाठीवर बसले.

मुकादम आला. पुस्तक उचललं. म्हणाला, नियम तुला माहीत आहे. बाहेर जाताना अख्खं सापडलं की मारायचं, ज्याच्याकडे सापडलं त्यानेच. एकदा दाब आणि विषय संपव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

बोका माझ्या कानात काहीतरी कुजबुजत होता. ही काय कुजबुजायची वेळ आहे? त्याच्या बरगडीत कोपर घातलं.

ठेवलं टेबलावर. काम गेलं तर घरी काय पाठवणार, हा विचार मी केला, हे इथे नोंदवून ठेवतो. विचार करून केलं. दोन्ही बटणं, त्यातलं एक मोडलेल्या हाताने. खाट्. गेटवाला रुमाल तोंडाला लावून बघत होता. त्याच्याकडे बघत पुस्तक फिरवलं. खाट्. परत फिरवलं. खाट्. खाट्. किती वेळा ते आठवत नाही. मुकादमाने मेन स्विच बंद केला तेव्हा टेबलावर नखाएवढे तुकडे होते. एकावर अर्धी किडनी.

तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं.

१८ मार्च

हाताला प्लास्टर. प्लास्टरही महागलंय. मी विचारलं, गेल्या महिन्यात केवढ्याला होतं? कंपाउंडर म्हणाला, गेल्या महिन्यात मोडायचा होता.

दुकानात गेलो, टोपी काढून उभा राहिलो. केस बघून काउंटरवालीला दया आली असावी. कॉम्प्युटरमधून बिल पुन्हा काढून दिलं. फ्रेम करायचं का, एवढंच विचारलं. मी हसलो. बघा, सुधारलोय.

बिल मुकादमापुढे आपटलं. वाचलं त्याने. म्हणाला, बरं, तुझंच होतं पुस्तक. चुकलं आमचं. पण गाढवा, मी तुला एकदा दाब म्हणालो होतो की नाही? दोन तुकडे झाले असते. मेलेलं पुस्तक गेटमधून कुणीही नेतं. टेप लावून पाठवलं असतंस, मुलीला दोन्ही अर्धी मिळाली असती. सगळ्यांसमोर ह्याहून उघड काय सांगणार होतो मी?

बोका म्हणाला, मी तेच सांगत होतो कानात. आणि शर्ट वर करून बरगडी दाखवली.

मी म्हटलं, मला माहीत होतं. प्रश्न तत्त्वाचा होता.

कुणी न बोलता नुसतं बघत राहिलं तर मारायचं कुठे ते कळत नाही.

२१ मार्च

धाकटीला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं : पोस्टाने हरवलं. पोस्टवाल्यांना शिव्याही तयार होत्या. पण हातात प्लास्टर, म्हणून फोन बोक्याने धरला, आणि धरता धरता माझ्याआधी सगळं ओकला. बरगडीसकट.

ती ओरडेल वाटलं. ओरडली नाही. मग म्हणाली, हात फार दुखतोय का रे? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, निम्म्याहून जास्त उतरवलंय मी. दीडशे पानं राहिलीत. माझ्या बोटांनी आता होत नाही. मैत्रीण म्हणाली, वडील गावाला गेलेत, तेवढ्यात झेरॉक्स काढू, मंगळवारी ते येतात. पानाला एक रुपया पडतो. जितके पाठवशील तितकी पानं काढते.

मी म्हटलं, दीडशे? दोनशे पाठवतो, कव्हरसुद्धा रंगीत काढ.

ती म्हणाली, कव्हर नको दादा.

निश्चय : दीडशे आजच बाजूला. पाकिटात वेगळे. कुणाचा बाप आला तरी हात लावायचा नाही.

२३ मार्च, सोमवार

गेटवाला खोलीवर आला. सोबत त्याचा मोठा भाऊ, दारात मावेना इतका. दात बसवल्याचं बिल आणलं होतं. दातांचेही भाव वाढलेत. मी म्हटलं, एवढ्या पैशात पूर्वी अख्खा जबडा बसायचा. भावाने माझी टोपी काढली, केस बघितले, परत घातली आणि टपली मारली. पाकीट त्यानेच उघडलं. पन्नास सोडले. चांगला माणूस वाटला. मी डाव्या हातानेही त्याला लोळवला असता, पण बोका झोपला होता.

पैसे पाठवायच्या काउंटरवर गेलो. फी पंधरा. मी म्हटलं, दहा होती. काचेवर नवा कागद चिकटवला होता, तो दाखवला त्याने. मी म्हटलं, हे पैसे नाहीत, ही पानं आहेत, एकेक पान आहे, समजतंय का तुला? तो म्हणाला, पाठवायचंय की नाही? मागे लाइन आहे. हात उचलला आणि काचेवर हाणला. प्लास्टरचा होता. टक् झालं. काचेला काही नाही. डोळ्यांत पाणी आलं ते दुखल्यामुळे. तो उठून उभा राहिला, म्हणाला, लागलं का रे? बस जरा. आणि फॉर्म स्वतःच भरून दिला.

पाठवले : पस्तीस.