वस्तू तीच आहे

५ मार्च, बुध.

खट्. खट्. खट्.

टेबलावर फूटपट्टी, समोर चाळीस पोरं, सहावीची नदीची कविता. दर आठ मात्रांवर ठोका. कौलांच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या, आणि शेवटच्या बाकावरून एक चिरका आवाज नेहमी अर्ध्या मात्रेने मागे. मराठीचे वर्ग बंद पडून किती वर्षं झाली. ठोका तेवढा राहिला.

आज दुपारी तोच आवाज पिठाच्या पिशवीतून आला. सून वैशाली आदिलाबादहून बसने एकटीच आली. पिशवी ओसरीवर टेकवली तसं आत काहीतरी खट्खट् वाजलं. ओठ फाटलेला. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीला बांधलेली.

"मामाजी, दिलीपनं वरवंट्यानं मशीन फोडलं. मी हात मधात घातला."

एवढंच. पाणी प्यायली. पेल्याच्या काठाला रक्त लागलं, ते तिनं पदरानं पुसलं. पाहुण्यानं पुसावं तसं.

दिलीप माझा मुलगा. एकुलता.

६ मार्च, गुरु.

पिशवी उघडली. लॅपटॉप, पण साधा नव्हे. जाड, तीनेक किलोचा. ड्रोनने काढलेले शेताचे हजारो फोटो वै. त्यावर जोडते आणि शेत उभं करते. बांध, ओढा, उतार, सगळं फिरवून पाहता येतं. हैदराबादची एक कंपनी काम देते. हे काम साध्या मशीनवर होत नाही, त्याला आत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं.

पहिल्या घावात पडदा, दुसऱ्यात कळफलक, तिसऱ्यात बोटं, चौथ्यात पंखे. तिनं मोजलेत.

कारण विचारलं. "भाजी करपली. मी काम करून राह्यली होती."

ठाण्यावर जाऊन आली. कागद घेतला, शिक्का दिला, वर सल्ला की घरातच मिटवा.

८ मार्च, शनि.

दिलीपचा फोन. "तिले धाडून द्या बाबा. नाई तर मी येतो अन् केसाले धरून नेतो." मी काही बोलायच्या आत फोन बंद. 

९ मार्च, रवि.

बैठक. सखारामबापूंनी बोलावली, गावचे तंटे तेच मिटवतात. निकालही ठरलेला. नवऱ्यानं बायकोचं जे मोडलं तेच तसंच आणून द्यायचं आणि बायको घरी न्यायची. घागर असो की शिवणयंत्र.

दिलीप खाली मान घालून बसला होता. "आणतो. सेम आणतो."

बापू म्हणाले, "तसंच हाय का नाई हे कोन पाहन? मोबाइल वर्कस्टेशन म्हन्ते. मोबाइल हाय तं एवढं धोंड्यावानी काऊन?"

हशा. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर हाय ना. पोरगं त्याचंच, सून त्याच्याच घरात. दोहीकडचा मानूस."

मी हो म्हणालो. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी सांगायचं.

बापूंची बायको गोदाबाई चहा घेऊन आली. एवढ्या उन्हातही पदर भुवयांपर्यंत. बापूंच्या घरातून कधी आवाज ऐकू येत नाही, असं लोक कौतुकानं सांगतात.

वैशालीला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

१० मार्च, सोम.

फुटलेल्या मशीनच्या माहितीचा कागद वै.जवळ होता. त्यातलं कार्डाचं पान घेऊन बसलो. आयुष्यभर शिकवलं आणि आज पुन्हा पहिलीत. ती सांगते, मी लिहून घेतो.

कोर ५१२०. म्हणजे इतके मजूर, प्रत्येकाला एक बारकं गणित, सगळे एकदम. माझ्या चाळिसांतला एक मागे पडायचाच.

मेमरी १२ जीबी. ही कार्डाची स्वतःची, मशीनची वेगळी. फोटो इथं पसरायचे. अंगण लहान असलं की ज्वारी दोनदा वाळवावी लागते, तसं.

१९२ बिट. अंगणाचं दार किती रुंद, ते.

ईसीसी. साठवलेला एखादा आकडा बिघडला तर मेमरी आपणच ओळखते, आपणच दुरुस्त करते. "कोनी सांगाची वाट नाई पाहत," वै. म्हणाली. मला आवडलं. वहीत खाली रेघ मारली.

वॉट ६० ते १४०. हे कळलं नाही. एकाच कार्डाचे दोन आकडे कसे? आणि तिच्या मशीनपुढे पेनाने लिहिलंय १३०.

१२ मार्च, बुध.

आदिलाबादला जाऊन मकसूद मिस्त्रीला विचारलं. तो मशीनं दुरुस्त करतो. पिशवीतले तुकडे पाहून म्हणाला, "तोबा. ट्रक चढा क्या मास्टर साब?" 

मग म्हणाला, "नाम पे नको जाओ. येच कार्ड पतली मशीन में साठ वॉट पे चलता, मोटी में एकसौ तीस पे. नाम एक, नंबर एक, काम आधा. गरमी निकालने को बड़े पंखे होना, तांबे की नली होना. चार्जर ईंट के जैसा था क्या इसका?"

होता. बापरे, केवढा तो. पायावर पडला तर बोट जाईल.

परतताना बसमध्ये लख्ख उमगलं. कविता तीच, शब्द तेच, पण दम्याच्या पोरानं म्हटली की वेगळी आणि भरल्या छातीच्या पोरानं म्हटली की वेगळी. वॉट म्हणजे श्वास.

दिलीप नाव पाहून आणणार. साठ वॉटचं पातळ काहीतरी. मग वस्तू तशी नाही. मग वै.ला जावं लागणार नाही. गुडीहत्नूरपर्यंत खिडकीबाहेर पळस पेटलेला होता. मी चक्क गुणगुणत होतो.

१४ मार्च, शुक्र.

धूळवड. दिलीप पिऊन आला. आम्ही आतून दार लावून घेतलं. त्यानं कुऱ्हाड आणली होती. दार सोडून अंगणातल्या पेरूकडे वळला. त्याच्या आईनं लावलेला पेरू. दर घावाला वैशालीचं नाव आणि नावापुढे शिवी. रंग खेळणारे थांबून पाहत राहिले. बापूही होते, पिचकारी हातात. कोणी पुढे झालं नाही.

वै. दाराला पाठ लावून मोजत होती. एकोणिसाव्याला झाड पडलं.

१७ मार्च, सोम.

आज आला तो अंघोळ करून, पांढऱ्या शर्टात. हैदराबादला जाऊन मशीन आणलं. खोकं ओसरीवर दोन्ही हातांनी ठेवलं. पेरूच्या खुंटाकडे पाहिलं नाही. "पहा बाबा. एक एक आकडा जुळवून आनला." लहानपणी गणित सुटलं की वही पुढे करायचा, तसा चेहरा.

१८ मार्च, मंगळ.

स. ११. वै.नं एका हातानं मशीन चालू केलं, काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं. कार्डाचं नाव आलं, तेच. १२ जीबी, तेच. वॉटसमोर ४५.

पंचेचाळीस! मी ओरडलोच. "पोरी, सुटलीस तू. जायचं नाही आता."

ती हसली नाही. "मामाजी, सकाळपासून लाइट नाई. बॅटरीवर हाय ते. बॅटरीवर कार्ड श्वास रोखून बसते. चार्जर लावा लागते."

मी खरं लिहितो. मी म्हणालो, "राहू दे ना. कोणाला कळतंय. पंचेचाळीसच लिहू."

चूक उत्तर धडधडीत खरं म्हणून सांगणाऱ्या पोरांना मी कधी सोडलं नाही.

ती म्हणाली, "लाइट येऊ द्या."

चारला आली. चार्जरची वीट जोडली. १३०. तिनं इंद्रवेल्लीकडचं एक जुनं काम पुन्हा चालवून पाहिलं. फुटलेल्या मशीनला जेवढा वेळ लागला होता तेवढाच लागला. पंखे विमानासारखे घोंगावत होते.

"मले माहीत होतं," वै. म्हणाली. "वस्तूत तो चुकत नाई."

१९ मार्च, बुध.

भाकरी थापताना तिनं विचारलं. एकाच हाताची भाकरी, कडा फाटत होत्या.

"मामाजी, काल पंचेचाळीस निघले असते तं मी राह्यली असती. एकशे तीस निघले तं मी जाची. म्हंजे तुमी मले आकड्यावर ठेवलं होतं?"

तव्यावरची भाकरी करपली. मी उठून उलटायला गेलो तर मागे सरली. भिंतीपर्यंत. मी हात वर केला होता, तव्याकडे.

२० मार्च, गुरु.

बारा वर्षांपूर्वी गावातल्या शकुंतलेचं शिवणयंत्र नवऱ्यानं गच्चीवरून फेकलं. नवं आणून दिलं. बैठकीचा कागद मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात: 'वस्तू तीच आहे.' ती नवऱ्याघरी परत गेली. दोन महिन्यांनी विहिरीतून काढली. डोक्याला मागून खोक होती.

मी तिच्यावर कविता केली होती. लोकांना फार आवडली होती.

२१ मार्च, शुक्र.

पहिल्या दिवशी लिहिलं ते अर्धं लिहिलं.

फूटपट्टी टेबलावर वाजायची ती ठोक्यासाठी. आवाज मागे पडला की बोटांवर. उभी धरून, धारेनं. अर्ध्या मात्रेने मागे राहणारा तो चिरका आवाज दिलीपचा. बाकीच्यांना एक, त्याला चार, मास्तरचं पोरगं म्हणून. चौथ्यानंतर मी त्याला पुढची ओळ म्हणायला लावायचो आणि तो म्हणायचा. त्या दिवसांत त्याला भात कालवता यायचा नाही. त्याची आई भरवायची. तिनं मला एकदाही विचारलं नाही. का विचारलं नाही, हे आज पहिल्यांदा मनात येतंय.

आणि मला ऊन आठवतं. कौलांतलं.

२३ मार्च, रवि. (डाव्या कानात शिट्टी. अक्षर हलतंय.)

बैठक भरली. बापू म्हणाले, "बोला मास्तर. तसंच हाय का?"

"तसंच आहे. नाव, मेमरी, वॉट, सगळं. दिलीपनं फसवलं नाही."

दिलीपनं मान वर केली.

"पण वैशाली जाणार नाही."

"हे काय हो मास्तर? वस्तू तीच हाय म्हन्ता अन्..."

"शकुंतलेच्या वेळीही तीच होती. मीच लिहून दिलं होतं. दोन महिन्यांत विहिरीवर आपण सगळे होतो."

 मग मी फूटपट्टीचं सांगितलं. सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. म्हणालो की बोटं मोडायला तो माझ्या वर्गात शिकला.

दिलीप उठला. "आत्ता सांगता? आत्ता?" बैठकीत दाखवायला आणलेल्या मशीनचा चार्जर त्याच्या हातात होता. वायरीला धरून फिरवला. वीट कानावर बसली. मी खाली. दुसरा घाव खांद्यावर. वैशाली मधे आली, तिसरा तिच्या पाठीवर. चौघांनी त्याला जमिनीवर दाबलं, एकाचं मनगट त्यानं चावून फोडलं. मातीत तोंड दाबलेलं असताना ओरडत होता, "सेम आनलं ना मी! सेम हाय ना बाबा? मंग काऊन?"

आवाज तोच. चिरका.

गोदाबाई चहाचा ट्रे घेऊन खांबाशी उभी. कप खट्खट् वाजत होते. बापू तिच्यावर खेकसले, "आत जाय वं!"

२४ मार्च, सोम.

वैशालीनं ठाण्यावर दुसरा कागद दिला. खाली माझी साक्ष. बापाची मुलाविरुद्ध. सही करताना हात थांबला नाही. 

२६ मार्च, बुध.

कान तसाच. उजव्यानं ऐकतो.

सकाळी बातमी आली, दिलीपला ठाण्यावरून सोडलं. निरोपही आला, एकच शब्द: येतो.

वै. नव्या मशीनवर कामाला बसली आहे. मला वाटलं होतं परत धाडेल. "कायले? हे मशीनची भरपाई हाय मामाजी. माही नाई." साडेआठ बोटांनी चालू आहे म्हणते, मोडलेल्यांतलं एक अर्धं वळतं. पंखे घोंगावतात. पडद्यावर कोणाचं तरी शेत उभं राहतंय, ओढ्यासकट.

दु. ३. मला ऐकू आलं नाही. तिला आलं. तिनं मशीन थांबवलं, घर एकदम शांत झालं, तेव्हा मलाही आलं. दार. तीन ठोके.

ती चुलीजवळून फुंकणी घेऊन उभी राहिली. मी काठी घेतली. म्हणालो, तू मागे हो. झाली नाही. कडी काढली.

गोदाबाई.

डोईवर पदर नाही. इतक्या वर्षांत तिचं कपाळ मी पहिल्यांदा पाहिलं. भुवईपासून केसांपर्यंत जुने व्रण, एकावर एक, आणि त्यांवरून आजचं ताजं रक्त डोळ्यात उतरत होतं. काखेत गाठोडं. पायात चप्पल नाही. गल्लीच्या टोकाला बापूंची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज.

वैशालीनं फुंकणी टाकली आणि तिचा हात धरला. गोदाबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, माझ्याकडे पाहत.

"मास्तर, माह्या घरची वस्तू एकबी नाई मोडली आजवर. मंग मी काय दाखवू?"